काउंटरची काच

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे आमची प्रयोगशाळा,
म्हणून काम रात्रीचं.
दिवसभर उद्यमबागेतले हातोडे टेबलाच्या पायांतून वर चढतात,
आरसे थरथरतात, मोजणी सांडते.
बेंगळुरूची गाडी गेली, गेट वर झालं,
शेवटची रिक्षा कुरकुरत निघून गेली
की मी दिवे मालवते.

मोजायचा आहे प्रकाशाचा एक तुकडा,
लांबी केसाच्या जाडीच्या सहाव्या हिश्शाएवढी.
आला म्हणेपर्यंत गेला, असंही म्हणता येत नाही;
'आ'साठी ओठ उघडावेत
तोवर तो चंद्राच्या वाटेला लागलेला.
कुठल्याच कॅमेऱ्याची पापणी इतकी चपळ नाही.
त्याच्या तोडीचा दुसरा कुणी सापडत नाही,
म्हणून त्याचेच दोन करायचे :
एकाला सरळ सोडायचं,
दुसऱ्याला आरशांच्या आडवाटेनं,
आणि स्फटिकात गाठ घालून द्यायची.

आडवाट लांब-आखूड करणारी सरकपट्टी
इराप्पा हुक्केरींनी केली.
परदेशी पट्टीचं कोटेशन मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं,
ते त्यांनी मागून घेतलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं स्क्रू काढला.
"एष्टु बारीक सरकायला पायजे?"
मायक्रॉनचा दहावा भाग, मी म्हटलं.
त्यांनी लेथ बंद केला. हात पुसले.
"चाळीस वर्षं पंपाचे वॉल्व करालोय मी.
एवढ्यात माणसाचा घामबी मावत नाही बघा."
अकरा आठवडे लागले.
पितळेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा राहिलाय,
मी पुसलेला नाही.

दोन मंद लाल ठिपके, एकमेकांना न ओळखणारे.
स्क्रू एक खूण फिरवते, अजून एक.
काही नाही.
काही नाही.
मग दोघांच्या मधोमध अचानक
जांभळा.
कुणाच्याच घरचा नसलेला रंग,
दोघं एका जागी असतील तेवढाच जगणारा.
पट्टी पुढे नेली, विझला. मागे आणली, पेटला.
या विझण्या-पेटण्याचा नकाशा पडद्यावर उमटतो,
त्यावरून तुकड्याचा आकार वाचायचा.

पण नकाशा दोन्हीकडून सारखाच.
तोंड कुठलं, शेपूट कुठलं,
तांबडा आधी आला की निळसर,
स्वतःला स्वतःशीच ताडून पाहणाऱ्याला कळत नाही.
साडीची उलटी बाजू अंधारात बोटानं सांगणारी
शहापूरची विणकर माणसं माझ्या घरात होती.
इथं बोट फिरवायला काही नाही.

यावर एक जुनी युक्ती आहे : वाटेत काच ठेवायची.
काचेत तांबडा पुढे निघतो, निळा रेंगाळतो.
तुकडा आणखी पसरला तर एक उत्तर,
आवरला तर दुसरं.
खडे बाजारात एका साडीच्या दुकानाचं काउंटर फुटलं होतं.
कापून देताना सुबराव मुचंडीनं विचारलं,
"फोटोला काय?"
तसंच काहीतरी.

त्या काचेवर किती जरीचे काठ सरकले असतील,
किती वेळा "शेवटचं सांगा" म्हणून हात आपटले असतील.
पुसून ठेवली.
नकाशा रुंद झाला.
वहीत लिहिलं : तांबडा पुढे.
दोनच शब्द, रात्री सव्वा वाजता,
आणि सांगायला जागं कुणी नव्हतं.

दुसऱ्या रात्री इराप्पा आले.
चप्पल बाहेर काढली, मी नको म्हणत असताना.
चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिलं.
"इष्टेना?"
हो. एवढंच.
बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.
मग स्वतःच्या स्क्रूवर बोट ठेवून म्हणाले, "हे जरा घट्ट झालंय."

तेवढ्यात वेळापत्रकात नसलेली मालगाडी आली.
जांभळा थरथरू लागला,
आणि त्यांनी पट्कन दोन्ही तळवे टेबलावर दाबून धरले,
घाबरलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावेत तसे.
त्यानं काही होत नसतं.
मी बोलले नाही.
डबे मोजत राहिले.